कासोलीची आई

औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर निधनाची पत्रकं लावायचा फळा आहे. मंगळवारी सकाळी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन इल्वा बाहेर पडली, तर त्या फळ्यावर एर्मेते कासोलीचं पत्रक. खळ अजून ओली होती. तो गेल्याचं तिला आदल्या दिवशीच कळलं होतं. पक्षाच्या शाखेतून फोन आला होता, फोन ठेवून ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून पोटभर रडलीही होती. त्यामुळं पत्रक पाहून तिला धक्का बसायचं काही कारण नव्हतं. पण नावाच्या वर, मधोमध, काळ्या शाईत, चांगला बोटभर लांबीचा क्रूस होता. इल्वानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. क्रूस होताच. मग तिला आधी हायसं वाटलं, कारण तिच्या लक्षात आलं, ही छापणाऱ्याची चूक. त्यांच्याकडं साचे तयार असतात, वर क्रूस आणि खाली दुःखी कुटुंबीय. आपल्यातलं कुणी गेलं की घरच्यांनी आधी बजावून सांगावं लागतं, बाबा रे, क्रूस काढ. आजवर दहा-बारा कॉम्रेड्सच्या वेळी इल्वानं स्वतः जाऊन सांगितलं होतं, आणि एकदा तर छापलेली सगळी पत्रकं परत नेऊन त्या माणसाच्या टेबलावर आपटली होती. या रेज्जो शहरात चाळीस वर्षं लाल झेंडा खांद्यावर घेतलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यावर क्रूस! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण खरं सांगायचं तर त्या रागात तिला बरंही वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी कासोलीसाठी काहीतरी करायला मिळत होतं.

अंत्यविधीचं सामान ठेवणारा, पत्रकंही छापून देणारा माणूस तिला ओळखत होता. ती दारातून आत आली तशी त्यानं हात वर केले.

"इल्वाबाई, आधीच सांगतो, यावेळी माझी चूक नाही."

"मग कुणाची? माझी?"

"मुलीनं लिहून दिलंय. स्वतःच्या हातानं. हा बघा कागद. वर क्रूस, उद्या दहाला चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना, मग दफन."

"मिस्सा? कासोलीचा?"

"कासोलींचाच. मलाही दोनदा विचारावंसं वाटलं. विचारलं. म्हणाली, बाबांचीच इच्छा." त्यानं कागद घडी करून खणात टाकला. "बाई, आमच्या धंद्यात एकच बघितलंय. क्रूस असो की विळा-हातोडा, शेवटी पेटी त्याच मापाची लागते."

एरवी तिनं त्याला चार शब्द सुनावले असते. आज ती बाहेर आली आणि सायकल हातात धरून चालू लागली. धुकं इतकं दाट होतं की समोरचा सिग्नल दिसत नव्हता. नोव्हेंबरमध्ये असतंच. सायकलवर बसायचं तिला सुचलं नाही. म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं, ती स्वतःला सांगत होती, त्र्याऐंशीव्या वर्षी काय शुद्ध असणार, पोरीनंच घुसवला असेल पाद्री खोलीत, बाप ग्लानीत असताना. लीबेरा! नाव ठेवलं लीबेरा, मोकळी, आणि गेली पाद्र्याच्या मागं. असं म्हणत म्हणत ती पुलापर्यंत आली, आणि तिथं थांबली. कारण कासोलीनं पाद्री बोलावला असेल, कुठल्याही कारणानं का होईना बोलावला असेल, तर मग आईचं काय, हा प्रश्न तिच्या आधीच पुलावर येऊन उभा होता.

इल्वाची आई, क्लेमेंता, एकाहत्तरच्या मार्चमध्ये गेली. तरुणपणी भाताच्या खाचरांत गुडघाभर पाण्यात उभं राहून तण काढलेली बाई, कंबर कायमची वाकलेली. ती पक्षाच्या सभेला यायची, मुलगी बोलते म्हणून. आणि रविवारी मिस्साला जायची, स्वतःसाठी. घरातल्या तसबिरी इल्वानं केव्हाच काढल्या होत्या. मादोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, एक आईच्या पलंगासमोर होती, तिचा खिळा तेवढा भिंतीत राहिला होता. शेवटच्या आठवड्यात आई त्या खिळ्याकडं बघत पडून राहायची. आणि एका सकाळी, पाणी मागावं इतक्या साधेपणानं ती म्हणाली, "इल्वा, फादर सांतेंना बोलाव गं." चर्च पुढच्या गल्लीत, शंभर पावलांवर. इल्वा "बघू" म्हणाली. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, मोज्यांच्या कारखान्यातल्या तीनशे बायकांची पुढारी, शाखेत बायकांचं काम तिच्याकडं. संध्याकाळी ती बघायला गेली ती फादर सांतेंकडं नाही. कासोलीकडं गेली.

कासोली शाखेच्या खोलीत सफरचंद सोलत बसला होता. चाकूनं, एक सलग साल काढत. ती सवय त्याला महायुद्धात, डोंगरात जर्मनांशी लढताना लागलेली. पक्षात सगळेच एकमेकांना अरेतुरे करत, पण इल्वाच्या तोंडून त्याच्यासाठी 'तुम्ही'च निघे, आणि तो दरवेळी वैतागे. तिनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. त्याचं ऐकणंच असं असायचं की समोरच्याला वाटावं, आपण काहीतरी फार महत्त्वाचं बोलतोय. मग त्यानं सफरचंदाची फोड तिच्या हातावर ठेवली.

"तुझी आई नाही मागत, इल्वा. तिची भीती मागतेय. ही भीती तिच्या पोटात कुणी घातली? लहानपणी, सहा-सात वर्षांची असताना?"

"तुमचं पटतं हो मला. पण ती तोंडानं म्हणतेय ना. माझ्याकडं बघून म्हणतेय."

"म्हणेल. आणि तुझ्या जिन्यावरून पाद्री चढला की अंगणातल्या चाळीस खिडक्या बघतील. त्या तीनशे पोरी बघतील. ज्यांना तू सांगतेस, वाकू नका." त्यानं चाकू मिटला. मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. तुला माहीत आहे. वर गावात, बर्फात. तिलाही भीती होतीच. मी तिचा हात धरून बसलो. कुणाला बोलावलं नाही. डोळे उघडे ठेवून गेली माझी आई, इल्वा. तुझी कमी आहे का?"

आईपुढं सगळेच हरतात. इल्वा त्या संध्याकाळी जिना चढली तेव्हा तिला आपण फार उंच चढतोय असं वाटत होतं. आईनं विचारलं, "आले का?" इल्वा म्हणाली, "फादर गावाला गेलेत, आई." आयुष्यात आईशी बोललेलं पहिलं मोठं खोटं. आणि त्याच वेळी, नेमकी त्याच वेळी, शंभर पावलांवरची संध्याकाळची घंटा वाजायला लागली. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग घंटा कोण वाजवतंय?" इल्वानं खिडकी लावून घेतली. आईनं दुसऱ्या दिवशी एकदा फक्त दाराकडं बघितलं आणि त्यानंतर काही मागितलं नाही, पाणीसुद्धा नाही.

पण दफन मात्र असं झालं की वस्तीत अजून नाव निघतं. बँड, तीस झेंडे, कारखान्यातल्या पोरी लाल रुमाल बांधून, आणि खड्ड्याशी उभा राहून कासोली अकरा मिनिटं बोलला. भाताच्या पाण्यावर बोलला, वाकलेल्या कंबरेवर बोलला, आणि शेवटी म्हणाला, "कॉम्रेड्स, आज आपण एका बाईला निरोप देत नाही, तिचं काम हातात घेतो आहोत." सगळे रडले. इल्वालाही रडू आलं. पण त्या दिवशी तिला दुःखापेक्षा अभिमान जास्त वाटला होता, आणि ही गोष्ट तिनं कधीही कुणाला सांगितली नव्हती. पुढं बत्तीस वर्षं ती घंटा कधीमधी कानात वाजायची, उगाच, भांडी घासताना, नाहीतर पक्षाच्या जत्रेत शेकडो बायकांबरोबर कापेलेत्तीच्या छोट्या पाऱ्यांत सारण भरताना. वाजली की इल्वा कासोलीच्या आईला पुढं उभं करायची. तिनं कधीही न पाहिलेली ती डोंगरातली म्हातारी, डोळे उघडे ठेवून गेलेली. तिच्याकडं बघितलं की घंटा थांबायची.

घरी आली तर जिन्यात वेलिया भेटली. खालच्या मजल्यावरची. नवरा पक्का लाल, ती स्वतः नाताळात चर्चला आणि मे महिन्यात मोर्चाला, दोन्हीकडं तेवढ्याच उत्साहानं.

"बघितलंस का पत्रक? म्हटलं इल्वाला आता झटका येतो."

"पोरीनं केलंय ते."

"अगं, पोरीनं कसलं! म्हातारपणी सगळे तिकीट काढून ठेवतात. गाडी येवो न येवो."

"तो नाही, वेलिया. दुसरा कुणीही. तो नाही."

"तुझा तो म्हणजे काय हाडामांसाचा नव्हता?" वेलिया हसली आणि मग तिचा चेहरा बघून हसायची थांबली. "ये आत. एर्बाद्झोने केलाय, गरम आहे. खाऊन घे तुकडा."

इल्वा आत गेली नाही. वर जाऊन तिनं कोट न काढता कपाटातून शाखेचा झेंडा काढला. दुपारी तीन ते चार पेटीपाशी उभं राहायची पाळी तिची होती. झेंड्याला इस्त्री करताना तिच्या मनात एकच बारीकशी आशा होती, आणि त्या आशेची तिला लाजही वाटत होती: कासोली वेडा झाला असेल तर बरं. शेवटी शेवटी काही कळत नसेल त्याला. असं असलं तर सगळं जागच्या जागी राहत होतं. आपण ज्याच्यावर जीव टाकला तो माणूस वेडा होऊन मेला असावा, असं मनापासून मागत ती झेंड्यावर इस्त्री फिरवत होती.

हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत त्याला ठेवलं होतं. निळा सूट, टाय. नाक होतं त्याहून मोठं वाटत होतं. आणि सभेत टेबलावर एकदाच आपटला की पाचशे माणसं गप्प होत, त्या हाताच्या बोटांमध्ये जपमाळ गुंडाळलेली. नीट, एकसारखी, कुणीतरी वेळ काढून गुंडाळलेली. इल्वा झेंडा धरून पायाशी उभी राहिली. तिनं त्याच्या हातांकडं न बघायचं ठरवलं आणि तासभर दुसरं काही बघितलं नाही. चार वाजता लीबेरा तिच्याजवळ आली. पंचावन्न वर्षांची, रडून सुजलेली, बापाचेच डोळे. तिनं इल्वाला मिठी मारली.

"बाबा तुमचं नाव नेहमी काढायचे. म्हणायचे, इल्वासारखी बाई शाखेत एकच."

"लीबेरा, एक विचारू? रागावू नकोस. त्यांना शेवटी कळत होतं का?"

"सगळं! शनिवारपर्यंत पेपर वाचत होते. माझ्याशी भांडले पंतप्रधानावरून."

"मग हे?" इल्वानं हनुवटीनं त्याच्या हातांकडं दाखवलं.

"अहो, ते आजचं नाहीये. तुम्हाला माहीत नाही?" लीबेरानं आवाज उतरवला, पण त्यात लाज नव्हती, माया होती. "आजी गेली ना, एकोणसत्तरला, तेव्हापासूनचं. वर रस्ता बंद होता, कमरेएवढं बर्फ. आजीनं फादरचा धोशा लावला. बाबा उठले आणि चालत निघाले. खालच्या गावापर्यंत चार तास जायला, आणि म्हाताऱ्या फादरना घेऊन परत सहा तास. शेवटी शेवटी पाठीवर घेतलं त्यांना. पायाची दोन बोटं काळी पडली होती बाबांची, तुम्हाला लंगडताना आठवत असतील. फादर पोचले, आजीनं कबुली वगैरे सगळं केलं, आणि तासाभरात शांतपणे गेली. बाबा मला म्हणायचे, आयुष्यात मी एकच काम कुणाला न विचारता केलं."

लंगडताना आठवत होता. कोटाला सुतकाची काळी गुंडी लावून तो शाखेत आला होता, जरा लंगडत, आणि बर्फात पाय मुरगळला म्हणाला होता. सगळ्यांनी मिळून त्याच्या आईसाठी हार केला होता, रस्ता बंद म्हणून तो हार वर पोचलाच नव्हता, तीन दिवस बादलीत पडून होता. इल्वानंच त्याला पाणी घातलं होतं.

"हे कुणाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"घरात आम्हाला. बाहेर कसं सांगणार? ते दिवस तुम्हाला तर माहीतच आहेत." लीबेरानं तिचा हात दाबला. "उद्या तुम्हीच बोला ना चौकात, बाहेर आणल्यावर. शाखेच्या मीर्कोनं सांगितलंय ना तुम्हाला? बाबा तुमच्या आईंच्या वेळी बोलले होते म्हणे. त्यांना आवडलं असतं."

इल्वा हो म्हणाली. नाही म्हणायला जे लागतं ते तिच्यापाशी त्या क्षणी नव्हतं. घरी येताना तिला सगळं दिसत होतं, तिला दिसायचं कारण नव्हतं ते: कमरेएवढ्या बर्फात एक पन्नाशीचा माणूस पाठीवर पाद्री घेऊन चालतोय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो तिला आवडत होता. पाठीवर पाद्री घेतलेला कासोली, तिला माहीत असलेल्या कासोलीपेक्षा मोठा होता. असा होतास तर मला का सांगितलं नाहीस? मला बर्फ तुडवायचं नव्हतं रे. शंभर पावलं होती. मी फक्त विचारायला आले होते, आणि तू सफरचंदाची फोड माझ्या हातावर ठेवून केसानं गळा कापलास माझा. स्वतःच्या मेलेल्या आईची शपथ घातल्यासारखं बोललास. तिच्या लक्षात आलं, ती त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत होती. मग जुन्या सवयीनं तिचं डोकं त्याची बाजू मांडायला लागलं: त्याला पुढारी म्हणून वागायला हवं होतं, संप तोंडावर होता, शत्रू टपलेला होता, एका माणसाच्या दुःखापेक्षा... आणि इथं ती थांबली. हे वाक्य त्याचं होतं. ही बाजूसुद्धा त्यानंच तिला मांडायला शिकवली होती. त्याला सोडायचं तर कुठल्या डोक्यानं सोडायचं? आत होतं ते सगळं त्याचंच होतं: बोलणं, वाचणं, कुणापुढं मान न घालणं, मरणानंतर काही नाही हे स्वच्छ माहीत असणं. चौदाव्या वर्षी ती मोज्यांच्या यंत्रावर बसली तेव्हा तिला धड सही येत नव्हती. त्यानं तिला रविवारचा पेपर विकायला लावला आणि म्हणाला, जो विकतेस तो आधी वाच. संपाच्या पहिल्या सभेत तिला टेबलावर उभं करून म्हणाला होता, वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणू नकोस, लोक तिथंच टाळ्या वाजवतात.

बुधवारी सकाळपासून तिनं एकच ठरवलं होतं. सांगायचं. चौकात, सगळ्यांसमोर, त्याच्या पेटीपुढं. दोन वाक्यं पुरेत: यानं स्वतःच्या आईसाठी पाद्री पाठीवर आणला, आणि मला माझ्या आईसाठी आणू दिला नाही. आरशापुढं उभं राहून तिनं ती म्हणून बघितली. आईलाच सांगत होती ती, थोडा वेळ थांब, आज सांगते.

मिस्सा चालू असताना आपली माणसं बाहेर उभी राहिली. इथली रीतच ती. बायका आत जातात, पुरुष चौकात गटागटानं उभे राहून सिगारेट ओढतात, पेटी बाहेर आली की टोप्या काढून मागं लागतात. इल्वा बाई असून कायम बाहेर. यावेळी मात्र गंमत झाली होती, ज्याच्यासाठी बाहेर उभं राहायचं तोच आत होता, आणि म्हातारे कॉम्रेड एकमेकांकडं बघायचं टाळत होते. एकानं विचारलं, "जायचं का आत?" दुसरा म्हणाला, "तो म्हणाला असता तर गेलो असतो." कुणी हसलं नाही. मीर्को, शाखेचा सेक्रेटरी, पस्तिशीचा पोरगा, दोनदा नाव बदललेल्या पक्षात दोन्ही वेळा वेळेवर बदललेला, मायक्रोफोनची वायर सोडवत होता. "काकू, पाच मिनिटं हं. मनातलं बोला."

"मनातलंच बोलणार आहे," इल्वा म्हणाली.

पेटी आली. झेंडे खाली झाले. इल्वा मायक्रोफोनपुढं गेली. तीनशे-चारशे माणसं होती, धुक्यात मागची दिसत नव्हती. तिनं तोंड उघडलं. तोंडातून आवाज आला तो सभेतला, छातीतून येणारा, आणि त्या आवाजात ती दोन वाक्यं बसेनात. "कॉम्रेड्स," ती म्हणाली, आणि कॉम्रेड्स म्हटल्यावर पुढं जे येतं तेच आलं. डोंगरातला लढा आला, संप आला, त्याचा हात टेबलावर आपटलेला आला. मध्ये एकदा तिनं जोर लावला, "त्याच्या आईनं," असं सुरूही केलं, आणि वाक्य तिच्या हातातून निसटून भलतीकडं गेलं: "त्याच्या आईनं आपल्याला एक मुलगा दिला, जो कधी वाकला नाही." स्वतःचं बोलणं तिला ऐकू येत होतं. थांबवता येत नव्हतं. शेवटी, आवाज खाली न आणता, ती म्हणाली, "आज आपण एका माणसाला निरोप देत नाही, त्याचं काम हातात घेतो आहोत." चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. लीबेरा हुंदके देत तिच्या गळ्यात पडली. वेलियानं नाक पुसत तिला बाजूला घेतलं.

"काय बोललीस गं, इल्वा! डोळे मिटले तर तोच उभा होता की."

इल्वाला आपली किळस आली. मिरवणूक दफनभूमीकडं निघाली, बँड सुरू झाला, आणि ती झेंडा मीर्कोच्या हातात देऊन मागं राहिली. पायांत गोळे आलेत म्हणाली. चौक मोकळा होईपर्यंत ती कठड्याला धरून उभी होती. मग चर्चच्या बाजूला गेली आणि लहान दार वाजवलं.

आत फादर झगे घडी करत होता. तरुण, तिशीचा, बोलण्यात दक्षिणेकडचा हेल. फादर सांते जाऊन वीस वर्षं झाली होती.

"या, या. तुमचं भाषण आतून ऐकलं मी. छान बोललात."

"ते माझं नव्हतं," इल्वा म्हणाली. आणि मग काय बोलायचं ते न ठरवता तिच्या तोंडून आलं, "फादर, आईनं बोलावलंय तुम्हाला."

त्यानं लगेच झगे खुर्चीवर ठेवले आणि खुंटीवरचा कोट घेतला. "आजारी आहेत का? पवित्र तेलाची डबी घेतो. शुद्धीवर आहेत ना?"

"गेली ती. एकाहत्तरच्या मार्चमध्ये. तेव्हा बोलावलं होतं. मी आले नाही."

त्याचा एक हात कोटात होता, तो तसाच राहिला. बाहेर बँड लांब जात होता. त्यानं हळूच विचारलं, "तुम्हाला कबुली द्यायची आहे का?"

"नाही. माझा विश्वास नाही." तिनं मान हलवली. "नाही म्हणजे येतच नाही मला. सकाळी खूप प्रयत्न केला. आईसाठी म्हणून एवढंसं काहीतरी म्हणावं, लहानपणी तिनं शिकवलेलं पाठ आहे सगळं, शब्दन् शब्द. तोंड उघडलं की कळतं, पलीकडं कुणी नाहीये. त्यानं शिकवलंय ते. इतकं पक्कं शिकवलंय की आज त्याच्यावर थुंकावंसं वाटतंय, तरी ते काही निघत नाही. त्याचं त्याला बरं निघालं."

"देव..." फादर म्हणाला आणि थांबला.

"नका सांगू. मी भांडायला नाही आले, तुम्ही पोरगे आहात, तुमचा काय दोष. एकच विचारायचंय." तिनं दोन्ही हात पुढं केले, रिकामे. "कासोली पाप मानायचा, त्याला तुमच्यासारख्याकडं उतरवून ठेवता आलं. ठेवलं आणि हलका होऊन गेला. मी पाप मानत नाही, पण आई माझ्या घरात दाराकडं बघत मेली. ते मी कुठं ठेवू?"

फादरनं कोटातला हात बाहेर काढला, खुर्चीवरचे झगे उचलून बाजूला केले, आणि तिला बसायला जागा करून दिली. इल्वा उभीच राहिली.